सालीचा डाग

"आधी हात ऊन कर. गार हाताने माणसाला शिवायचं नाही. आणि दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांग. उगाच गोड बोलू नकोस."

दवाखान्यात काम शिकवताना हे सांगणाऱ्या मोठ्या मास्तरांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. पण फोटोकाकांच्या कानात तो आवाज अजून तसाच होता, घसा बसल्यासारखा, कसलीच घाई नसलेला. काकांनी तळवे एकमेकांवर चोळले, त्यांवर फुंकर घातली आणि मग टेबलावरचा ट्रे अलगद पुढे सरकवला.

ट्रेमध्ये ओले अक्रोड होते.

"काका, ऊन हात लावला की गोड होतात वाटतं ते?" निवडणाऱ्या बायकांची मुकादमीण दारातून म्हणाली. तिच्या मागे सरकत्या पट्ट्यापाशी बसलेल्या दोघीतिघी फिस्सकन हसल्या.

"सवय आहे," काका म्हणाले आणि काचेपलीकडच्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. बटण दाबलं. ट्रे मशीनच्या गोल तोंडात शिरला आणि वरच्या कर्ण्यातून एक मऊ, तरणा आवाज आला, "श्वास घ्या… रोखून धरा…" मशीन घरघरलं, थांबलं. "श्वास सोडा."

"अहो, धरलाय बिचाऱ्यांनी केव्हाचा," मुकादमीण म्हणाली. "झाडावरून उतरल्यापासून सोडलाच नाही कुणी!"

आता मात्र सगळा पट्टा हसला. काकाही हसले, पण ते ओठांपुरतं. तो आवाज त्यांचाच होता. मशीन नवं होतं आणि काकांच्या मिशा काळ्या होत्या, तेव्हा दवाखान्यात भरलेला. किती घाबरीघुबरी माणसं त्या आवाजावर शांत झाली होती! आता तो अक्रोडांना श्वास धरायला सांगत होता. तो बंद कसा करायचा हे काकांना ठाऊक होतं, तरी ते बंद करत नव्हते. का, ते त्यांनाच सांगता आलं नसतं.

झालं होतं असं, की दवाखान्यात सीटी स्कॅनचं नवं मशीन आलं आणि जुनं अक्रोडवाल्या बागायतदारांच्या संघाने उचललं. ओला अक्रोड कवचासकट विकायचा, म्हणजे आतलं काही दिसत नाही. वरून सगळेच गुटगुटीत. आत कुणाचा गर काठोकाठ भरलेला, कुणाचा सुकून एका कडेला गेलेला, कुणाचा काळा पडलेला, तर कुणाच्या पोटात अळी. पूर्वी मूठभर फोडून बघायचे आणि बाकीच्यांचा अंदाज बांधायचे. आता एकही न फोडता सगळ्यांचा फोटो निघत होता. पहिल्या दिवशी पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा काका खुर्ची सरकवून पडद्याजवळ गेले. गराच्या त्या वळ्या, मधली ती फट, भोवती हाडासारखी पांढरी कड. ज्या माणसाने जन्मभर डोक्यांचे फोटो काढले, त्याच्यापुढे कुणी ट्रेभर लहान लहान डोकी मांडून ठेवावीत, तसं.

मशीनबरोबर काकाही आले होते. यावंच लागलं. नव्या मशीनचं शिक्षण त्यांना झेपलं नाही. बोटं जुन्या बटणांना सवकलेली. डोळ्याला जे कळायचं ते हाताला जमायचं नाही. परीक्षेत नापास झाले, पुन्हा बसले, पुन्हा नापास झाले. शिकवणारी पोरं त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. ती अदबीने बोलायची, आणि ती अदबच जास्त लागायची. निरोपाच्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन कुणीतरी म्हणालं, "मशीन घेणाऱ्याला एक ऑपरेटर मोफत!" सगळे हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. काका मात्र ताठ झाले. म्हणाले, "मला चार ठिकाणांहून बोलावणी आहेत. मोठमोठ्या रुग्णालयांतून." आणि कुणाचा निरोप न घेता पायऱ्या उतरले. त्या एका वाक्यापायी पुढे त्यांनी दवाखान्याच्या रस्त्याने जाणंच सोडलं. समोरून कुणी ओळखीचं आलं आणि "कुठल्या रुग्णालयात आहात सध्या?" असं विचारलं, तर काय सांगायचं?

घरी त्यांनी काहीच सांगितलं नाही. रोज सकाळी पांढरा कोट हातावर टाकून नेहमीच्या वेळी ते निघत आणि चौकात पूर्वी डावीकडे, दवाखान्याकडे वळायचे, ते आता उजवीकडे वळत. काकूंचा नेम होता, सकाळची प्रार्थना पुरी होईपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत. त्यामुळे निघताना प्रश्न यायची भीती नव्हती. भीती होती ती संध्याकाळची. ओल्या अक्रोडाची साल हाताला लागली की तपकिरी, जवळजवळ काळा डाग पडतो, आणि तो साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही, कातडी झडेल तेव्हाच जातो. काका हात खिशात घालून जिना चढत. "औषध सांडलं," असं त्यांनी काकूंना एकदा सांगितलं होतं. काकू नुसतं "बरं" म्हणाल्या होत्या.

एवढ्यावर राहिलं असतं तर खोटं आपल्या जागी पडून राहिलं असतं. पण तळमजल्यावर शिवणमावशी होत्या.

शिवणमावशींचं शिलाई मशीन दिवसभर चालायचं. छातीवर, कपड्याच्या उजव्या बाजूला, टाचण्यांची रांग खोचलेली. बोलता बोलता एक काढायच्या, एक खोचायच्या. जिभेला धार होती, पण हाताला माया. काकांच्या कोटाचे खिसे उसवले की न विचारता शिवून द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "खिशात दगड भरता का हो रुग्णांचे?" त्यांचे यजमान शेवटच्या आजारात काकांच्या टेबलावर झोपले होते. त्या बोगद्यात जायला फार घाबरले होते. काकांनी त्यांच्या पावलांवर हात ठेवला आणि म्हटलं, "बाहेर येईपर्यंत तुम्हाला एकट्याला सोडणार नाही." मावशी ते विसरल्या नव्हत्या. ते गेले, त्यांचे दिवस पार पडले, तेव्हा त्यांनी काकांना जिन्यात गाठून सांगितलं होतं, "माझी वेळ आली तर मलाही तुमच्याच हाताने आत घाला. दुसऱ्या कुणाच्या नाही." काका "हो" म्हणाले होते. अशा वेळी नाही कोण म्हणतं?

आता मावशींना खोकला लागला होता. साधा वाटला, पण जाईना. एक दिवस काका कामावरून आले तर त्या दारातच उभ्या.

"फोटोकाका, थांबा जरा. डॉक्टर म्हणतात छातीचा स्कॅन करा. तो बोगद्यातला. मी म्हटलं, आमचे घरचेच आहेत तिथे. तर कधी येऊ सांगा."

काकांचे हात खिशात होते. खिशातल्या खिशात त्यांनी मुठी आवळल्या. सांगायची वेळ ती होती. एक वाक्य पुरलं असतं.

"मशीन दुरुस्तीला आहे सध्या," ते म्हणाले.

"एवढ्या मोठ्या दवाखान्यात एकच मशीन?"

"दुसरं आहे. पण त्यावर… त्यावर मी नसतो."

"मग नको बाई. थांबते. मला कसली घाई? शाळेचे गणवेश पडलेत ढीगभर."

मावशींनी पुढच्या वेळी विचारलं, तर नवा भाग यायचा होता. त्याच्या पुढच्या वेळी भाग आला, पण बसवणारा आला नव्हता. काकांना वाटलं होतं, कंटाळून मावशी आपल्या आपण जातील, कुणीतरी नेईल. पण मावशी शब्दाला धरून बसल्या. संध्याकाळी काका जेवायला बसले की खालून शिलाई मशीनची टकटक यायची, मग ती थांबायची, मग खोकला, मग कितीतरी वेळ काहीच नाही. काकांचा घास हातातच राहायचा. टकटक पुन्हा सुरू झाली की तो तोंडात जायचा.

"मावशींना नेत का नाही तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"नेतो ना."

"पण केव्हा?"

"नेतो म्हटलं ना एकदा!"

काकांचा आवाज असा कधी चढत नसे. काकूंनी भांडी उचलली आणि त्या आत गेल्या.

गोदामात हंगाम ऐन भरात होता. ट्रेमागून ट्रे. पडद्यावर एखाद्या अक्रोडाच्या पोटात बारीकसा काळा ठिपका दिसायचा. काका त्यावर खूण करायचे आणि पट्ट्यावरच्या बायका तो बाजूला काढायच्या. एकदा असाच एक ठिपका दिसला आणि काकांचं बोट वरच्यावर राहिलं. या अक्रोडाचा निकाल मी चहा निवायच्या आत लावतो. त्याने मला काय दिलंय? आणि जिने मला घरचा म्हटलं, तिला मी दारात उभी करून ठेवलीय.

"झोप लागली का काका?" मुकादमीण ओरडली. "का अक्रोडाने डोळा मारला?"

त्याच संध्याकाळी मावशी जिन्यात बसलेल्या दिसल्या. काकूंकडे यायला निघाल्या होत्या, तर अर्धा जिना चढून दम घ्यायला बसल्या होत्या.

"सगळे कपडे आत घ्यावे लागतायत," त्या म्हणाल्या. "माझे मलाच. आधी दोन बोटं घेतले, आता परत दोन बोटं. फुकटची शिवण नुसती."

त्या हसल्या. काकांनी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. मग जे इतके दिवस कडेकडेने मनात येत होतं, ते एकदम तोंडातून बाहेर पडलं.

"उद्या दुपारी चला. मशीन सुरू झालंय. फक्त… ते दुसऱ्या जागी हलवलंय."

शब्द सगळे खरे होते. म्हणूनच ते उच्चारताना काकांना जास्त घाण वाटली.

दुसऱ्या दिवशी गोदामाला सुट्टी होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने काकांकडे पाहिलं, मग मागच्या मावशींकडे. "आज कुठे हो काका?"

"पाहुण्या आहेत. मशीन बघायचंय त्यांना."

"बघा, बघा. लोक काय काय बघायला येतात," म्हणत त्याने फाटक उघडलं.

आत ओल्या सालींचा कडसर, उग्र वास कोंडला होता. भिंतीला पोती, पट्ट्याखाली सांडलेल्या कवचांचे तुकडे. मावशी ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. त्यांनी नाक वर करून वास घेतला.

"औषधांचा वास नाही येत हो इथे."

"जागा नवी आहे."

"आणि ही पोती?"

"शेजारी गोदाम आहे."

मावशी "असं होय," म्हणाल्या आणि पुढे काही विचारलं नाही. काकांना वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी मनाशी बेत केला होता. गोदामात मशीन बसवून देणाऱ्या इंजिनीअर मुलीने अक्रोडांसाठी किरणांचा जोर पुष्कळ वाढवून ठेवला होता. अक्रोडांना कसली इजा, चित्र ठसठशीत आलं म्हणजे झालं. तो जोर हाताने खाली आणायचा. एकच फोटो काढायचा. छातीत काही आहे का ते बघायचं. आणि दिसलं तर? मावशींना काय सांगायचं, कुणाच्या सहीने सांगायचं, तो कागद कुठून आणायचा, यातलं काहीच त्यांनी ठरवलं नव्हतं. ठरवायला गेले की बेत मोडत होता, म्हणून त्यांनी ठरवलंच नव्हतं.

टेबलावर घरून आणलेली धुतलेली चादर अंथरली. "अंगावर धातूचं काही नको, मावशी."

"मग माझं काही उरतच नाही," मावशी म्हणाल्या. "करा हात पुढे."

त्या छातीवरच्या टाचण्या एकेक करून काढायला लागल्या. काकांनी नकळत तळवा पुढे धरला. टाचण्या त्यावर पडत गेल्या, आणि मध्येच मावशींची बोटं थांबली. काळवंडलेली बोटं, नखांच्या कडा, तळव्यावरच्या रेषांत शिरलेला तपकिरी रंग. इतक्या जवळून, उजेडात, त्यांनी हे हात पहिल्यांदाच पाहिले होते.

"हे काय झालंय हातांना?"

"औषध," काका म्हणाले.

मावशींनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग टेबलाच्या कडेला चिकटलेल्या सालीच्या काळ्या तुकड्याकडे पाहिलं. उरलेल्या टाचण्या त्यांच्या हातावर ठेवल्या आणि त्या आडव्या झाल्या.

काकांनी टाचण्या खिशात टाकल्या, तळवे चोळले, फुंकर घातली, आणि मावशींचे दोन्ही हात अलगद डोक्याच्या वर नेले. हाडं हाताला लागत होती.

"तुमचे हात अजून ऊन असतात," डोळे मिटून मावशी म्हणाल्या. "आमचे हे म्हणायचे, बाकी सगळा दवाखाना गारठलेला, पण त्या फोटोवाल्याचे हात तेवढे माणसाचे."

काका काचेमागे गेले. पडदा उजळला. पूर्वी जिथे रुग्णाचं नाव लिहायचं असे, तिथे आता 'ट्रे' असं लिहिलेलं होतं. ती जागा भरल्याशिवाय मशीन पुढे जायचं नाही. त्याखाली 'माल' होता, आणि त्यापुढे 'ओला अक्रोड' हे आपोआप उमटलेलं. ते पुसता येत नव्हतं. काकांनी ट्रेचा कुठला तरी आकडा टाकला. किरणांचा जोर खाली आणला. आकडा खाली आला. पण जोर खरंच खाली आला होता का? हे मशीन दवाखान्यातून निघाल्यापासून माणसासाठी कुणी तपासलं नव्हतं. कशाला तपासेल? त्यावर माणूस झोपणारच नव्हता.

हे सगळं माहीत असून काकांनी बटण दाबलं.

"श्वास घ्या…" तो तरणा, मऊ आवाज म्हणाला. काचेतून काकांना दिसलं, मावशींची खंगलेली छाती भरून आली, जमेल तेवढी वर आली. "रोखून धरा…" आणि मावशींनी धरला. खोकला घशाशी आला असणार, त्यांच्या पायाची बोटं आवळली गेली, पण त्या हलल्या नाहीत. ट्रे ठेवायच्या जागी, सालीच्या वासात, मावशी त्या आवाजावर विसंबून पडून राहिल्या.

काकांचा तळवा लाल बटणावर जोरात आदळला.

मशीन घरघरायच्या आतच गप्प झालं. सगळं शांत. काका दोन्ही हात टेबलावर टेकून उभे राहिले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, मशीन मध्येच तोडलं की पुढचा आवाज येतच नाही. 'श्वास सोडा' कुणी म्हटलंच नव्हतं. काचेपलीकडे मावशी अजून श्वास धरून होत्या. चेहरा लाल झाला होता.

काका धावत आत गेले. "सोडा! मावशी, सोडा श्वास!"

श्वास सुटला आणि त्याबरोबर खोकला. तो थांबता थांबेना. काकांनी त्यांना उठवून बसवलं, पाठीवर हात ठेवला. खोकला ओसरल्यावर मावशींनी डोळे पुसले.

"झालं?"

"नाही."

"मी हलले का? परत धरू?"

"नाही मावशी." काकांनी चादरीचं टोक सरळ केलं. "परत नाही धरायचा. हे मशीन माणसांचं राहिलेलं नाही. मी दवाखान्यात नाही आता. मला तिथून काढलं. मी इथे असतो."

"इथे म्हणजे?"

"हे सगळं गोदामच आहे. मी अक्रोडांचे फोटो काढतो."

मावशींनी पट्ट्याखालच्या कवचांकडे पाहिलं. "अक्रोडांचे?"

"हो. आत किडका आहे का ते बघायला."

"आणि ते 'श्वास घ्या' वगैरे, ते पण त्यांनाच?"

काकांनी मान हलवली. मावशींना हसू फुटलं, हसता हसता पुन्हा खोकला आला, आणि खोकला थांबला तेव्हा हसूही गेलं होतं.

"इतके दिवस मला बसवून ठेवलंत," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "दुरुस्ती म्हणे. नवा भाग म्हणे. मी गणवेश शिवत बसले आणि लोकांना सांगत राहिले, माझा माणूस आहे आत, माझं काम अडायचं नाही."

"मला सांगता आलं नाही."

"का? मी हसले असते म्हणून?"

"हसला असता."

"असते हसले! मग? माझ्या हसण्याने तुम्ही मरणार होतात?"

 काका एका पालथ्या ट्रेवर बसले. सवयीने खिशात गेलेली मूठ त्यांनी बाहेर काढली; ती उघडली तर आत टाचण्या, आणि दोन ठिकाणी रक्ताचा थेंब. मावशींनी त्या उचलून घेतल्या. एकही छातीवर खोचली नाही. एकेक टाचणी बोटांत फिरवून पुसली आणि सगळ्या रुमालात बांधल्या.

"एक विचारते," रुमालाची गाठ मारत त्या म्हणाल्या. "एवढ्या दिवसांत माझं वाढलं असेल का हो?"

नाही हो, काही नाही, साधा खोकला असेल, हे वाक्य काकांच्या ओठांवर तयार होतं. इतक्या दिवसांत ती वाक्यं फार पटकन तयार होऊ लागली होती.

"असेल," ते म्हणाले. "नसेलही. मला माहीत नाही. पण थांबायला नको होतं. ते माझ्यामुळे झालं."

मावशींनी मान डोलावली. टेबलावरून स्वतःच्या स्वतः उतरल्या. "उद्या जाते मी. माझी मी."

"मी येतो."

"कशाला? तुमचं काय आहे आता तिथे?"

"काही नाही. पण येतो. रांग मोठी असते, ती मी धरीन. तुम्ही बसा. हातात सुई टोचतात, ती दुखते. आत मला सोडणार नाहीत. मी दाराशी उभा राहीन, बाहेर येईपर्यंत."

"याल?"

"येईन. शब्द देतो."

"बघू," मावशी म्हणाल्या. परतीच्या वाटेवर त्या दोन पावलं दूर राहून चालल्या. त्यांच्या दाराच्या पायरीशी काकांनी हात पुढे केला, तर त्यांनी चौकट धरली.

संध्याकाळी काकांनी मुकादमिणीला फोन केला. "उद्या येणार नाही."

"ऐन हंगामात? साहेब नाचतील."

"शेजारणीला दवाखान्यात न्यायचंय."

"मग न्या की," ती लगेच म्हणाली. "आम्ही सांगू अक्रोडांना, एक दिवस श्वास धरून बसा म्हणून."

मग काका स्वयंपाकघरात गेले. काकू भांडी पुसत होत्या. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, निरोपाच्या चहापासून लाल बटणापर्यंत. काकूंनी हातातलं भांडं पुसून जागेवर ठेवलं.

"गोदामाचं माहीत होतं मला."

"केव्हापासून?"

"पहिल्याच आठवड्यापासून. कोट मी धुते. आधी त्याला स्पिरिटचा वास यायचा." त्यांनी दुसरं भांडं घेतलं. "तुम्ही आपणहून सांगाल म्हणून वाट बघत होते. रोज सकाळी तेवढंच मागायचे, दुसरं काही नाही. पण मावशींचं… तुम्ही म्हणालात नेतो, मला वाटलं न्याल. नाहीतर मीच नेलं असतं त्यांना."

काका तिथेच दाराला टेकून उभे राहिले. मावशींचं बोलणं त्यांनी सोसलं होतं. हे सोसवेना.

सकाळ झाली. काकू डोळे मिटून प्रार्थनेला बसल्या होत्या. काकांनी साधा सदरा घातला. खुंटीवरच्या पांढऱ्या कोटाकडे सवयीने हात गेला, तसाच परत आला. दाराजवळ एक पिशवी ठेवलेली होती. त्यात पाण्याची बाटली, एक शाल आणि खाली बसायला लहानशी उशी. काकांनी वळून पाहिलं. काकूंचे डोळे उघडे होते. नेम पुरा झाला नव्हता, म्हणून त्या बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त दाराकडे पाहिलं.

काका हळूहळू जिना उतरले. खालून टकटक येत नव्हती. खोकलाही येत नव्हता. मावशी एकट्याच निघून गेल्या असतील, असं त्यांना वाटलं, आणि गेल्या असतील तर ते बरोबरच होतं. बंद दाराशी ते थांबले. नव्या मशीनच्या दाराशी कोण असेल ते त्यांना ठाऊक होतं. "काका, तुम्ही इथे?" असं ती पोरं अदबीने विचारतील. त्यांनी पिशवी खाली ठेवली, तळवे एकमेकांवर चोळले, त्यांवर फुंकर घातली आणि दार वाजवलं.

दार लगेच उघडलं. मावशी कालचेच ठेवणीतले कपडे घालून उभ्या होत्या. छातीवर एकही टाचणी नव्हती. कानही मोकळे होते.

त्यांनी काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. कोट नव्हता. हात खिशात नव्हते.

"चला," काका म्हणाले आणि उंबऱ्याशी हात पुढे केला.

मावशींनी त्या काळवंडलेल्या तळव्याकडे क्षणभर पाहिलं. मग तो धरला आणि पायरी उतरल्या. दोघं सावकाश चालत चौकापर्यंत आली, आणि तिथे काका डावीकडे वळले.